बंदुकीची नळी : खांद्याचा धक्का आणि छऱ्यांचा पसारा



इंदूर शहराच्या दक्षिण भागात भंवरकुआं नावाचा चौक आहे. स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांसाठी गावोगावाहून आलेल्या विद्यार्थ्यांची तेथे सदैव वर्दळ असते. जवळच, महाराजा शिवाजीराव होळकर यांच्या कारकिर्दीत १८९१ साली स्थापन झालेले होळकर विज्ञान महाविद्यालय आहे. चौकातून जुन्या आग्रा-मुंबई मार्गाने राऊवरून सुमारे वीस किलोमीटर गेले की महू ही लष्करी छावणी लागते. दुसरा रस्ता खांडव्याकडे जातो. तो सिमरोळचा घाट उतरून शेतांच्या आणि रानाच्या मुलखातून नर्मदेकडे जातो.

या तीन ठिकाणी एकाच विषयाची तीन रूपे पाहावयास मिळतात. महाविद्यालयात विद्यार्थी न्यूटनचा तिसरा नियम शिकतात. महूच्या लष्करी नेमबाजी केंद्रात खेळाडू त्या नियमाचा धक्का खांद्यावर झेलतात. खांडवा रस्त्यावरील खेड्यांत पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक बाळगणारा शेतकरी तोच धक्का सोसतो. मात्र त्यामागचे शास्त्र त्याला सहसा कोणी समजावून सांगितलेले नसते. कोकणातील, विदर्भातील वा माळव्यातील शेतकऱ्याची स्थिती याहून निराळी नाही. यास्तव छऱ्यांच्या बंदुकीची नळी कशी घडविलेली असते, तिच्या घडणीचा धक्क्यावर व छऱ्यांच्या पसाऱ्यावर काय परिणाम होतो, आणि कोणत्या समजुती निराधार आहेत, हे पाहणे अगत्याचे आहे.

बारा बोर म्हणजे काय?

ज्या बंदुकीला आपण बाराबोरी म्हणतो, तिचे नाव एका जुन्या मापनपद्धतीवरून आले आहे. नळीच्या आतील व्यासाएवढे शिशाचे गोल गोळे केले आणि बारा गोळ्यांचे वजन मिळून एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम भरले, तर ती नळी बारा बोरची होय. हा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर असतो. वीस बोरच्या नळीचा गोळा लहान असतो व असे वीस गोळे एका पौंडात बसतात. तिचा व्यास सुमारे १५.६ मिलिमीटर. म्हणजे आकडा वाढतो तशी नळी अरुंद होते. अनेकांची समजूत नेमकी याच्या उलट असते.

रायफलीच्या नळीत आतून पीळ दिलेले चर असतात व त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. छऱ्यांच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यातून एक गोळी न जाता छऱ्यांचा एक थवा बाहेर पडतो. हा थवा पुढे जाता जाता रुंदीला पसरतो, तसाच लांबीलाही पसरतो. तो किती पसरावा, हे ठरविण्यासाठी कारागिरांनी शतकाहून अधिक काळ नळीच्या घडणीवर परिश्रम घेतले आहेत.

नळीचे तीन भाग

नळीचे आतून तीन भाग पडतात. मागे काडतूस बसते ती कोठी. कोठीचा व्यास नळीपेक्षा किंचित अधिक असतो, म्हणून कोठीच्या पुढे एक शंकूसारखा उतार दिलेला असतो. त्यापुढे नळीचा लांब, एकसारखा भाग. शेवटी तोंडाशी पुष्कळ बंदुकांत नळी किंचित आवळलेली असते. या आवळण्याला चोक म्हणतात.

चोकचे माप ऐकून प्रथम आश्चर्य वाटते. पूर्ण चोकमध्ये नळी तोंडाशी केवळ एक मिलिमीटरच्या आसपास आवळलेली असते. मध्यम चोकमध्ये सुमारे अर्धा मिलिमीटर. त्याहून सौम्य चोकमध्ये पाव मिलिमीटर. मुळीच न आवळलेल्या नळीला सरळ नळी किंवा सिलिंडर म्हणतात. डोळ्यांना हा फरक सहसा कळतही नाही, परंतु छऱ्यांच्या थव्यावर त्याचा मोठा परिणाम होतो.

हा परिणाम मोजण्याची पद्धत ठरलेली आहे. ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरांवर, मोठा कागद उभा करतात. त्यावर बार टाकून छऱ्यांची भोके जेथे सर्वांत दाट असतील, त्याभोवती ३० इंच, म्हणजे ७६ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढतात. काडतुसातील एकूण छऱ्यांपैकी किती या वर्तुळात पडले, हे मोजतात. सरळ नळीतून सुमारे ४० टक्के छर्रे वर्तुळात पडतात. पाव मिलिमीटरच्या चोकमधून ५० टक्के. मध्यम चोकमधून ६० टक्के. पूर्ण चोकमधून ७० टक्के. एका मिलिमीटरच्या आवळण्याने वर्तुळातील छर्रे जवळजवळ पावणेदोन पट होतात, हे येथे दिसून येते.

चोकची कल्पना पाश्चात्त्य कारागिरांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. न्यूकॅसलचे बंदूककार पेप यांनी १८६६ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. बर्मिंगहॅमचे डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांनी १८७४ च्या सुमारास ती पद्धतशीरपणे अमलात आणली आणि १८७५ मध्ये लंडनला झालेल्या चाचण्यांत चोक असलेल्या नळ्यांची सरशी सिद्ध झाली. त्यापूर्वीच्या बहुतेक नळ्या सरळ असत. दुनळी बंदुकीत पुढे अशी प्रथा पडली की, उजवी नळी मोकळी व डावी अधिक आवळलेली ठेवावी. पहिला बार जवळच्या लक्ष्यासाठी व दुसरा दूर गेलेल्या लक्ष्यासाठी.

लांब नळी, लांब मार?

खेड्यापाड्यांत सर्वाधिक रूढ असलेली समजूत म्हणजे नळी जितकी लांब तितका मार लांब. ठासणीच्या बंदुकीच्या काळात या समजुतीला काही आधार होता. काळी दारू सावकाश जळते व तिला पूर्ण जोर देण्यास लांब नळी लागते. आधुनिक धूररहित दारू मात्र नळीच्या मागच्या थोड्या भागातच जवळजवळ पूर्ण जळून जाते. त्यानंतर नळी एका इंचाने लांबविली, तर छऱ्यांच्या वेगात दर सेकंदाला दोन-तीन मीटरचाच फरक पडतो. सेकंदाला सुमारे ३७० मीटर वेगाने निघणाऱ्या छऱ्यांच्या दृष्टीने तो नगण्य होय. छऱ्यांचा पसारा तर नळीच्या लांबीवर अवलंबून नसतोच; तो प्रामुख्याने चोकवर आणि काडतुसावर अवलंबून असतो.

मग खेळाडू ७६ किंवा ८१ सेंटिमीटरच्या लांब नळ्या का वापरतात? त्याचे कारण वजन व नजर हे आहे. लांब नळीमुळे पुढचा भाग जड होतो व बंदूक हलत्या लक्ष्याबरोबर झटके न खाता फिरते. शिवाय नळीवरून पाहण्याची रेषा लांब झाल्याने नेम धरणे सुकर होते.

नळी कापून आखूड केल्यास काय होते, हेही येथेच सांगितले पाहिजे. चोक नळीच्या अगदी तोंडाशी असतो. नळीचा थोडा भाग कापला तरी चोक नाहीसा होतो व ती सरळ नळी बनते. वजन घटल्यामुळे धक्का वाढतो, आवाज अधिक कर्कश होतो आणि तोंड वर उडते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या सहाव्या कलमानुसार परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणे हा अपराध आहे.

धक्का कोठून येतो?

आयझॅक न्यूटन यांनी १६८७ मध्ये मांडलेला नियम सर्वांना पाठ असतो : प्रत्येक क्रियेला तेवढीच व विरुद्ध दिशेची प्रतिक्रिया असते. छर्रे, त्यांच्या मागची डाट आणि दारूचा वायू पुढे जातात. त्यांच्या संवेगाइतकाच संवेग बंदुकीला मागे मिळतो.

एक हिशेब करून पाहू. काडतुसात ३२ ग्रॅम छर्रे आहेत व ते सेकंदाला ३७० मीटर वेगाने सुटतात. डाट व वायू यांचा वाटा धरून एकूण संवेग किलोग्रॅम व मीटर-सेकंदाच्या परिमाणात सुमारे १४ होतो. बंदुकीचे वजन ३.२ किलोग्रॅम असेल, तर ती सेकंदाला सुमारे ४.४ मीटर वेगाने मागे येते व तिची ऊर्जा सुमारे ३१ ज्यूल असते. एक किलोग्रॅमचे वजन तीन मीटर उंचीवरून खांद्यावर पडावे, इतकी ही ऊर्जा आहे. तेच काडतूस २.७ किलोग्रॅमच्या हलक्या बंदुकीतून उडविले, तर ऊर्जा ३६ ज्यूलपर्यंत जाते. उलट स्पर्धेतील खेळाडू २४ ग्रॅम छऱ्यांचे काडतूस साधारण ३.६ किलोग्रॅमच्या बंदुकीतून उडवितो, तेव्हा ती केवळ १९ ज्यूलच्या आसपास राहते. दिवसभरात शेकडो बार उडविणाऱ्या खेळाडूचा खांदा त्यामुळेच टिकतो.

या हिशेबात नळीचा संबंध मुख्यतः वजनाच्या रूपाने येतो. चोकमुळे धक्का वाढतो ही समजूत खरी नाही. त्याचा परिणाम जाणवण्याइतका नसतो. कोठीपुढील उतार लांबविला किंवा नळी आतून किंचित रुंद केली, तर छर्रे कमी चेपतात व पसारा अधिक एकसारखा येतो. धक्क्यात मात्र अल्पच फरक पडतो. "ही बंदूक जोरात मागे येते, म्हणजे मारही जोराचा" या म्हणण्यात तथ्य नाही. तेच काडतूस हलक्या बंदुकीत घातले की धक्का वाढतो, छऱ्यांचा वेग मात्र तोच राहतो.

धक्का किती जाणवतो, हे दस्ता खांद्यात कसा बसतो यावरही अवलंबून असते. नळीची रेषा खांद्याच्या आधारापेक्षा जितकी वर, तितके तोंड वर उडते. एकावर एक नळ्या असलेल्या बंदुकीत खेळाडू बहुधा खालच्या नळीचा बार प्रथम काढतात, कारण ती खांद्याच्या रेषेला जवळ असते. तोंड कमी उडते व दुसऱ्या बाराला नेम लवकर सापडतो.

महूच्या मैदानावर

या शास्त्राची कसोटी महूच्या मैदानावर लागते. ट्रॅप या क्रीडाप्रकारात तबकडी यंत्रातून वेगाने फेकली जाते. तिचा व्यास ११० मिलिमीटर, उंची सुमारे २५ मिलिमीटर व वजन १०५ ग्रॅम असते. ती नेमबाजापासून दूर जात असते, म्हणून बहुतेक वेळा तिची पातळ कडच त्याच्यासमोर येते. ही कड फार तर २७ चौरस सेंटिमीटर भरेल.

२४ ग्रॅमच्या काडतुसात २.४ मिलिमीटरचे सुमारे ३०० छर्रे मावतात. पूर्ण चोकमधून त्यांपैकी २१० छर्रे ७६ सेंटिमीटरच्या वर्तुळात पडतात, म्हणजे सरासरी साडेएकवीस चौरस सेंटिमीटरला एक छर्रा. तबकडीच्या कडेला एक तरी छर्रा लागण्याची आशा त्यात असते. सरळ नळीतून मात्र १२० छर्रेच वर्तुळात पडतात व सरासरी ३८ चौरस सेंटिमीटरला एक छर्रा येतो. नेम अचूक असूनही तबकडी छऱ्यांच्या मधून सहीसलामत निसटू शकते. म्हणूनच ट्रॅपसाठी आवळलेला चोक वापरतात. स्कीट या प्रकारात तबकडी वीस मीटरांच्या आसपास फुटते. तेथे मोकळा चोक सोयीचा, कारण जवळच्या अंतरावर रुंद पसाराच उपयोगी पडतो.

१७ ऑगस्ट २००४ रोजी अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅप प्रकारात रौप्यपदक मिळविणारे लष्करी अधिकारी राज्यवर्धनसिंह राठोड यांचा महूच्या केंद्राशी संबंध होता. त्यांची गुणसंख्या १७९ होती. हा क्रीडाप्रकार २०१६ च्या रिओ ऑलिंपिकनंतर वगळण्यात आला. ट्रॅप व स्कीट मात्र चालू आहेत. मध्य प्रदेश शासनाची नेमबाजी अकादमी भोपाळ येथे आहे. तेथे तयार झालेली, मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील मनीषा कीर हिने २०१८ मध्ये चांगवान येथील जागतिक स्पर्धेत कनिष्ठ महिला ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळविले. साधने व शास्त्र यांचे शिक्षण मिळाले म्हणजे खेड्यातील मुलगीही कोठवर जाऊ शकते, याचे हे उदाहरण होय.

शेताच्या बांधावर

आता खांडवा रस्त्याकडे वळू. रानडुक्कर आणि माळव्यात ज्याला घोडरोज म्हणतात ती नीलगाय यांच्यापासून पीक राखणे, ही शेतकऱ्याची खरी अडचण आहे. परंतु पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे वन्य प्राणी मारण्याची मुभा नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्यासाठी प्राधिकृत वनाधिकाऱ्याचा लेखी आदेश आवश्यक असतो. तो आदेश हाती असला तरीही पसाऱ्याचे भान सुटता कामा नये.

सरळ नळीचा पसारा १८ मीटरांवरच सुमारे ८० सेंटिमीटर होतो. पूर्ण चोकचा तेथे सुमारे ४० सेंटिमीटर असतो. ३६ मीटरांवर हेच आकडे सुमारे १४५ व १०० सेंटिमीटर होतात. याखेरीज काही छर्रे थव्यातून फुटून बाजूला जातात. नळीतून जाताना कडेचे छर्रे घासून चपटे होतात व चपटा छर्रा सरळ जात नाही. म्हणजे लक्ष्यापासून हातभर बाजूला उभा असलेला सोबती सुरक्षित नसतो.

चुकलेला छर्रा किती दूर जातो, हे त्याहून महत्त्वाचे आहे. ढोबळ नियम असा की, छर्रा जितका मोठा तितका तो दूर जातो. तबकडीवर मारण्याचा बारीक छर्रा फार तर दोनशे मीटर जातो. परंतु काडतुसावर एस.जी. असे लिहिलेले असते, त्यातील प्रत्येक मोठा छर्रा सुमारे ८.४ मिलिमीटरचा असून तो सहाशे मीटरांहूनही दूर जाऊ शकतो. एवढ्या अंतरात शेजाऱ्याचे खळे असते, माळ्यावर झोपलेला राखणदार असतो, पहाटे पाण्याला निघालेली बाईमाणसे असतात. अंधारात, केवळ आवाजाच्या किंवा हलणाऱ्या पिकाच्या रोखाने बार टाकणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. छर्रे कोठे थांबतील हे ज्याला ठाऊक नाही, त्याने बार टाकू नये.

लग्नात वा मिरवणुकीत आनंदाने बार उडविणे हाही असाच अविचार होय. शस्त्र अधिनियमात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, मानवी जीवितास धोका होईल अशा रीतीने आनंदोत्सवात गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

नळी का फुटते?

वाडवडिलांकडून आलेल्या जुन्या बंदुका पुष्कळ घरांत आहेत. त्यांतील काहींच्या नळ्या लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, जोडून केलेल्या असतात. त्यांवरील वेलबुट्टी सुंदर दिसते, परंतु त्या काळ्या दारूच्या दाबासाठी केलेल्या होत्या. आधुनिक काडतुसाचा दाब त्या सहन करतीलच असे नाही. अनेक जुन्या बंदुकांची कोठी ६५ मिलिमीटरची असते, तर आजची पुष्कळ काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. लांब काडतूस आखूड कोठीत बसते खरे, पण उडताना त्याचे तोंड पुढच्या उतारात उघडते, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसे असोत वा अन्य कोणाची, डब्यावरील लांबी आणि नळीवरील खूण जुळवून पाहिल्याखेरीज ती वापरू नयेत.

दुसरा धोका अडथळ्याचा. कोपऱ्यात उभ्या करून ठेवलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारमाशी मातीचे घर करते. ओढा ओलांडताना तोंडाला चिखल लागतो. एवढा अडथळाही नळी फुटण्यास पुरेसा असतो. वीस बोरचे काडतूस चुकून बारा बोरच्या नळीत पडले तर ते पुढे सरकून अडकते. नळी रिकामी वाटते, मागून बारा बोरचे काडतूस घातले जाते आणि नळी हाताजवळच फुटते. वीस बोरच्या काडतुसांचा रंग पिवळा ठेवण्याची प्रथा याच अपघातांमुळे पडली. बंदूक हाती घेताच ती उघडून, रिकामी असल्याची खात्री करून, नळीतून आरपार उजेड पाहणे ही सवय अंगी बाणली पाहिजे. पूर्ण चोकच्या नळीतून चोकपेक्षा मोठा एकच गोळा उडविणे हेही तितकेच घातक होय.

कोणी काय करावे

परवानाधारकाने जवळच्या अधिकृत नेमबाजी मैदानावर, जाणकाराच्या देखरेखीखाली, आपली बंदूक एकदा तरी कागदावर तपासून घ्यावी. वर्तुळातील भोके मोजली म्हणजे आपल्या बंदुकीबद्दलच्या अनेक समजुती गळून पडतात. जुनी बंदूक परवाना असलेल्या कारागिराकडून तपासून घ्यावी.

अपघात वा गुन्ह्याच्या तपासात अधिकाऱ्यांनी छऱ्यांच्या पसाऱ्यावरून अंतराचा तर्क परस्पर करू नये. तोच पसारा सरळ नळीतून जवळून व चोक नळीतून बऱ्याच दुरून पडू शकतो. ती बंदूक व त्याच प्रकारची काडतुसे न्यायसहायक प्रयोगशाळेत तपासल्यावरच खात्रीने काही म्हणता येते. तोवर बंदूक, रिकामी काडतुसे आणि डाटा जशाच्या तशा जपून ठेवणे आवश्यक आहे.

शिक्षकांना तर या विषयात बंदुकीची मुळीच गरज नाही. चाके लावलेल्या पाटावर एका विद्यार्थ्याला बसवावे आणि त्याला जड चेंडू समोर फेकावयास सांगावे; पाट मागे सरकतो. नंतर पाटावर दोन विद्यार्थी बसवून एकाने तोच चेंडू तितक्याच जोराने फेकावा. पाट कमी सरकतो. जड बंदूक कमी धक्का का देते, हे वर्गाला तेवढ्यात उमगते. ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे, अशी मुले तीच गोष्ट संध्याकाळी घरी सांगतील. मग बंदूक खुंटीवर टांगलेली आहे की कुलपात आहे, आणि ती रिकामी आहे की भरलेली, याचीही विचारपूस घरात होईल.